मोजके क्लायंट, पूर्ण लक्ष: पर्सनल सर्व्हिसचा छोटा धंदा नफ्यात कसा आणायचा

पर्सनल ट्रेनिंग, घरी जाऊन शिकवणी, छोट्या व्यावसायिकांचे हिशोब सांभाळणं, कुटुंबांच्या ट्रिपा आखून देणं, घर बदलणाऱ्यांचं सगळं बघणं, दूर राहणाऱ्या मुलांच्या वतीने आईवडिलांच्या डॉक्टर-औषधांकडे लक्ष ठेवणं, करिअर कोचिंग, इंटिरियर... ही कामं वरवर वेगवेगळी दिसतात, पण या सगळ्यांत गिऱ्हाईक पैसे मोजतं ते तुम्ही त्याच्याकडे जातीनं दिलेल्या लक्षासाठी. आणि लक्ष साठवून ठेवता येत नाही, आजचे रिकामे गेलेले दोन तास उद्या विकता येत नाहीत, आणि एका मर्यादेपलीकडे ते ओढूनताणून वाढवताही येत नाही. त्यामुळे असा धंदा उभा करताना सगळ्यात आधी ठरवायचा आकडा हाच की एका वेळी किती माणसांना मी खरंच नीट सांभाळू शकते किंवा शकतो. किंमत, पॅकेज, सिस्टिम, माणसं ठेवणं हे सगळं त्या आकड्यातून निघतं, आणि हा आकडा न काढताच लोक सुरुवात करतात म्हणून हुशार, मनापासून काम करणारी माणसं दोन वर्षांत थकून जातात, हे बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पायरी १: कोणासाठी आणि नेमकं काय

"सगळ्यांसाठी सगळं करतो" म्हटलं की समोरच्याला कळतच नाही तुम्हाला फोन कधी करायचा. एक प्रकारचा माणूस आणि त्याची एक प्रकारची अडचण निवडा. अडचण या धंद्याला योग्य आहे का हे मी चार प्रश्नांवरून बघतो. ती परत परत येते का, चुकली तर महागात पडते का (पैशात, वेळात किंवा मनस्तापात), ती सोडवायला खाजगी माहिती द्यावी लागते म्हणून विश्वास लागतो का, आणि त्या माणसाकडे पैसे आहेत पण वेळ किंवा त्यात डोकं घालायची ताकद नाही असं आहे का. चारही उत्तरं हो आली तर डोळे झाकून पुढे जा. दोनच आली तर ते काम कदाचित एखाद्या ॲपने किंवा स्वस्त रेडीमेड सर्व्हिसने भागणारं आहे, आणि तिथे तुम्ही किमतीवर मार खाल.

"फ्रीलान्सरांना हिशोबात मदत" यापेक्षा "दोन-तीन देशांतून पेमेंट येणाऱ्या फ्रीलान्स डिझायनरांचे दर महिन्याचे हिशोब" हे कितीतरी भारी, कारण तो डिझायनर वाचतो आणि म्हणतो अरे हे तर माझंच लिहिलंय.

निवड झाली की अशा आठ-दहा माणसांशी बोला, विकायला नाही, फक्त ऐकायला. "मी असं सुरू केलं तर तुम्ही घ्याल का" हा प्रश्न टाळा, माणसं मन राखायला हो म्हणतात आणि त्या होचा काही उपयोग नसतो. झालेल्या गोष्टी विचारा: मागच्या वेळी हे काम आलं तेव्हा काय केलंत, कुठे अडलं, कोणाला विचारलंत, किती खर्च आला, किती संध्याकाळी गेल्या त्यात. ज्याने आधीच यावर पैसे किंवा खूप वेळ घालवलाय तोच पुढे क्लायंट होतो. त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवा, नंतर तुमच्या माहितीपत्रकात तीच वापरायची आहेत.

पायरी २: तासांचा हिशोब, कागदावर

वर्षाचे ५२ आठवडे. सुट्ट्या, आजारपण, घरची कामं यांचे ६ काढा, राहिले ४६. आठवड्याला ४० तास धरले तर १,८४० तास. आता हे सगळे तास क्लायंटच्या कामाचे नसतात, नवीन लोकांशी बोलणं, बिलं, ईमेल, शिकणं, प्रवास, यात सहज निम्मे जातात आणि सुरुवातीला तर निम्म्याहून जास्त. म्हणजे हातात राहिले साधारण ९२० तास.

समजा एका क्लायंटला महिन्याला ४ तास लागतात, म्हणजे वर्षाला ४८, आणि सुरुवातीला त्याला समजून घ्यायला, कागद जमवायला, घडी बसवायला १२. झाले ६०. ९२० भागिले ६०, म्हणजे पंधरा. तुम्ही कितीही मेहनती असलात तरी या गणितात पंधराच क्लायंट बसतात, आणि तुमचे आकडे वेगळे असतील पण पद्धत हीच.

पण पंधरा घेऊ नका! इथेच बहुतेक जण फसतात. रांगेचं जे साधं गणिती मॉडेल असतं (एकच काम करणारा, कामं कधीही येणार, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त) त्यात माणूस ८० टक्के बिझी असेल तर नवीन कामाला सरासरी एका कामाच्या वेळेच्या ४ पट थांबावं लागतं, ९० टक्के बिझी असेल तर ९ पट, आणि ९५ टक्क्यांना १९ पट. म्हणजे शेवटचे थोडेसे तास भरायच्या नादात क्लायंटचं थांबणं भयंकर वाढतं, आणि त्याने पैसे मोजलेत तेच मुळात तुम्ही लगेच सापडता म्हणून. माझा नियम असा, की बसतात त्यातल्या ८० टक्केच जागा भरायच्या. पंधरा बसत असतील तर बारा. उरलेली जागा ही एखाद्या क्लायंटकडे अचानक काहीतरी मोठं उद्भवतं त्या आठवड्यासाठी असते, आणि तो आठवडा येतोच.

काम प्रोजेक्टचं असेल, म्हणजे सुरू होतं आणि संपतं, तर १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक नियम फार कामाचा आहे: एका वेळी चालू असलेली कामं = दर आठवड्याला घेतलेली नवीन कामं × एक काम संपायला लागणारे आठवडे. एक काम सहा आठवडे चालतं आणि तुम्ही आठवड्याला दोन घेताय तर डोक्यावर कायम बारा कामं उघडी राहणार. तुम्हाला एका वेळी सहाच झेपत असतील तर आठवड्याला एकच घ्या, किंवा काम तीन आठवड्यांत संपेल असं बसवा. तिसरा मार्ग नाही.

पायरी ३: किंमत

आधी खालची रेषा काढायची, म्हणजे याच्या खाली गेलो तर धंदा करण्यात अर्थ नाही ती रक्कम. वर्षाला घरी न्यायचे पैसे १०० धरा (कुठल्याही चलनात), धंद्याचा खर्च ३०, कर आणि अडीअडचणीची शिल्लक ३०. एकूण १६०. आता याला पंधराने नाही, बाराने भागा, कारण सगळ्या जागा कधीच भरलेल्या नसतात. एका क्लायंटकडून वर्षाला किमान साडेतेरा यायला पाहिजेत. हा आकडा बघून पोटात गोळा येतो बऱ्याच जणांच्या, की एवढे कोण देणार. पण उत्तर किंमत कमी करण्यात नाहीये. एकतर क्लायंटची निवड बदला, किंवा त्याच्यासाठी सोडवताय ती अडचण मोठी घ्या, किंवा एका क्लायंटमागचे तास कमी करा (ते कसं ते पुढे आहे).

खालची रेषा ही तुमच्यासाठी असते, ती क्लायंटला सांगायची नाही. खरी किंमत ठरते ती त्याचं काय वाचतं किंवा काय मिळतं त्यावर. ज्याचा हिशोब चुकला की दंड आणि रात्रीची झोप दोन्ही जातं, त्याला तुमचे चार तास चार तासांचे वाटत नाहीत.

तासाच्या दराने काम करायला माझा विरोध आहे, तेही ठामपणे. तासावर पैसे लावले की क्लायंट फोन करताना घड्याळ बघतो, छोटी शंका गिळून टाकतो, आणि तीच शंका महिन्याभराने मोठा घोळ होऊन परत येते. शिवाय तुम्ही कामात तरबेज झालात, चार तासांचं काम दोन तासांत करायला लागलात, की कमाई निम्मी! सतत चालणाऱ्या कामाला महिन्याची ठरावीक फी, आणि एकदाच्या कामाला पूर्ण कामाची एक रक्कम, हेच बरं. पहिल्यांदा अंदाज येत नसेल तर छोटं सुरुवातीचं पॅकेज विका, दोन आठवड्यांचं, पूर्ण पैसे घेऊन, ज्यात तुम्ही त्याची सगळी परिस्थिती बघून लेखी प्लॅन देता, त्यातून दोघांनाही कळतं की पुढे जमेल का.

सवलतीचं गणित तर प्रत्येकाने एकदा हाताने करून बघावं. १०० च्या बिलात ६० थेट खर्च जातो आणि ४० उरतात असं धरा. तुम्ही १० टक्के सूट दिली तर उरले ३०, म्हणजे आधी होते तेवढेच पैसे मिळवायला ३३ टक्के जास्त क्लायंट लागणार, आणि जागा तर मोजक्याच आहेत. उलट १० टक्के वाढवलेत तर उरले ५०, आता पाचातला एक क्लायंट सोडून गेला तरी तुम्ही आहात तिथेच राहता, वर एक जागा रिकामी होते. कमी किमतीवर जगणं हे ज्याच्याकडे अमर्याद माल आहे त्याचं काम, आपलं नाही.

आणि दरवर्षी थोडी वाढवा. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या क्षेत्राबद्दल दाखवलं होतं की कारखान्यात एका माणसाचं उत्पादन वाढत जातं, पण चार वादकांनी वाजवायच्या रचनेला आजही चारच वादक आणि तेवढीच मिनिटं लागतात, तरी वादकांचे पगार बाकीच्या जगाबरोबर वाढतातच. तुमचं कामही तसंच आहे, समोर बसून ऐकून घ्यायचा तास निम्मा करता येत नाही, त्यामुळे फी गोठवून ठेवली तर दरवर्षी तुम्ही गुपचूप गरीब होत जाता. वाढ दोन महिने आधी लेखी कळवायची, कारणांची लांबलचक यादी न देता: "१ तारखेपासून महिन्याची फी इतकी असेल. काही बोलायचं असेल तर मोकळेपणाने फोन करा." बास. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, ओशाळवाणं बोललात की समोरचा घासाघीस करणारच.

पायरी ४: काय मिळेल आणि काय नाही, लेखी

पर्सनल सर्व्हिसमध्ये क्लायंटशी जवळीक होते, आणि जवळीक झाली की "एवढं जरा बघाल का" सुरू होतं. एकेक छोटी गोष्ट नाही म्हणायला जड जाते, आणि वर्षाअखेर बघावं तर चार तासांचा क्लायंट नऊ तास खातोय. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच दोन पानांचा साध्या भाषेतला करार. त्यात या गोष्टी हव्यातच: काय काय करणार, कोणत्या गोष्टी यात नाहीत (ही यादी आधीच्या यादीएवढीच महत्त्वाची), किती वेळा बदल करून मिळतील, निरोप कुठे पाठवायचे आणि किती वेळात उत्तर येईल, क्लायंटने काय कधी द्यायचं आणि त्याने उशीर केला तर तारीख पुढे जाईल हे स्पष्ट, पैसे कधी, कोणीही थांबवायचं ठरवलं तर किती दिवसांची नोटीस, आणि त्याच्या खाजगी माहितीचं काय होणार.

पैसे आधी. महिन्याच्या फीला महिन्याच्या सुरुवातीला, प्रोजेक्टला निम्मे ॲडव्हान्स आणि उरलेले टप्प्याटप्प्याने, शेवटचा हप्ता काम हातात द्यायच्या आधी. ॲडव्हान्स द्यायला जो क्लायंट पहिल्याच दिवशी खळखळ करतो तो पुढेही करतो, हे मी बघत आलोय.

कराराबाहेरचं काम आलं की कडूपणा न येता बोलायची एक पद्धत आहे. लगेच नाही म्हणायचं नाही, आणि लगेच होही नाही. "हे करता येईल. आपल्या ठरलेल्यात ते नाहीये, तर दोन मार्ग आहेत, या महिन्यातलं अमुक काम पुढे ढकलून हे घेऊ, किंवा हे वेगळं करू, त्याचे इतके होतील. तुम्हाला काय सोयीचं?" निर्णय त्याच्याकडे गेला की भांडण होत नाही. आणि कधी एखादी गोष्ट प्रेमाने फुकट केलीत तर बिलात ती ओळ लिहा, तिची किंमत लिहा, आणि पुढे शून्य लिहा. नाहीतर ती भेट पुढच्या महिन्यापासून हक्क होते.

पायरी ५: माणूस समजून घेणं आणि नोंदी

पहिल्या भेटीचा एक तास हा पूर्ण वर्षातला सगळ्यात मौल्यवान तास. आधी एक छोटा फॉर्म पाठवा, दहा मिनिटांत भरून होणारा, ज्यात नुसती माहिती आहे (तारखा, कागद, आधी काय केलंय). म्हणजे भेटीत फॉर्म भरण्यात वेळ जात नाही आणि ज्या गोष्टी फॉर्ममध्ये येत नाहीत त्या विचारता येतात. मी तीन प्रश्न कधीच सोडत नाही: वर्षभराने हे काम छान झालं असं तुम्हाला कशावरून वाटेल? याआधी कोणाकडून हे करून घेतलं असेल तर काय खटकलं? आणि घरात किंवा ऑफिसमध्ये यावर शेवटचा निर्णय कोणाचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट न घेतल्यामुळे कितीतरी कामं शेवटच्या टप्प्यावर उलटी फिरतात, कारण फोनवर बोलणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा असतो.

मग प्रत्येक क्लायंटचं एक पान. साधं डॉक्युमेंट किंवा स्प्रेडशीट चालतं, महागडं सॉफ्टवेअर नको. त्यात: त्याला फोन आवडतो की मेसेज, सकाळी की रात्री, थोडक्यात हवं असतं की तपशिलात, कोणते निर्णय झाले आणि का झाले, काय बोलायचं राहिलंय, घरातल्या माणसांची नावं, कोणत्या विषयावर तो हळवा होतो. प्रत्येक बोलण्यानंतर लगेच तीन ओळी. तीन महिन्यांनी तुम्ही "मागच्या वेळी मुलीची परीक्षा होती ना, झाली का नीट?" असं विचारता तेव्हा त्याला जे वाटतं ते कुठल्याही जाहिरातीने वाटत नाही. आणि यात खोटेपणा काही नाही, तुम्हाला खरंच काळजी आहे म्हणूनच तुम्ही लिहून ठेवलंत, डोक्यात बारा घरं कोणाच्याच राहत नाहीत.

फक्त या नोंदी जपा. पासवर्ड वेगळा, मोबाईल लॉक, कामाला लागत नाही ती माहिती मागायचीच नाही, आणि क्लायंट गेला की कायद्याने ठेवावे लागतात तेवढेच कागद ठेवून बाकी पुसून टाकायचं, त्याला तसं कळवायचं. एका क्लायंटची गोष्ट दुसऱ्याला, नाव न घेतासुद्धा, सांगू नका. ऐकणारा मनातल्या मनात म्हणतोच की उद्या माझीही सांगतील.

पायरी ६: हाताने काय, सिस्टिमने काय

"एका क्लायंटमागचे तास कमी करा" म्हटलं होतं ते इथे होतं. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये सर्व्हिसचा नकाशा काढायची एक पद्धत मांडली, तिच्यात एक रेषा असते, रेषेच्या वर क्लायंटला दिसणाऱ्या पायऱ्या आणि खाली न दिसणाऱ्या. एका मोठ्या कागदावर तुमचं काम पहिल्या फोनपासून शेवटच्या बिलापर्यंत असं मांडा, प्रत्येक पायरीला लागणारी मिनिटं लिहा. पहिल्यांदा केलं की धक्का बसतो, कारण सगळ्यात जास्त मिनिटं बहुधा अशा ठिकाणी जातात जिथे क्लायंटचं लक्षही नसतं. वेळ ठरवायला झालेले सात मेसेज, तीच फाईल परत शोधणं, दर वेळी नव्याने लिहिलेलं तेच ईमेल.

रेषेखालचं सगळं बांधून टाका. भेटीची वेळ घ्यायला बुकिंग लिंक, बिलं ठरलेल्या तारखेला आपोआप, फाईलना एकाच पद्धतीची नावं, नेहमी पाठवायच्या दहा-बारा मेसेजेसचे तयार मसुदे, प्रत्येक प्रकारच्या कामाची चेकलिस्ट. ट्रिप आखणाऱ्याची चेकलिस्ट अशी: पासपोर्टच्या तारखा, सगळ्यांच्या नावांचं स्पेलिंग, औषधं, दोन गाड्यांमधलं अंतर, पहिल्या रात्री उशिरा पोचलं तर हॉटेलला कळवलंय का. हे डोक्यात ठेवायचं काम नाही.

यातून वाचलेली मिनिटं मग रेषेच्या वर घालायची, आणि तिथेही सगळीकडे सारखी पसरू नका. सुरुवातीचा आठवडा, वाईट बातमी द्यायची वेळ, मोठा निर्णय, आणि शेवट, या चार ठिकाणी तुम्ही स्वतः हवे, फोनवर किंवा समोर, तयार मसुदा चालणार नाही. शेवटाबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९९३ मध्ये डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश थंड पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी तसेच ६० सेकंद अधिक ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. नंतर यातलं परत कोणतं कराल विचारलं तर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण शेवट थोडा बरा होता. आपल्या कामात शेवट म्हणजे सहसा एक बिल आणि शांतता. त्याऐवजी काम संपताना अर्ध्या तासाची भेट ठेवा, सुरुवातीला कुठे होतो आणि आता कुठे आहोत हे दाखवा, पुढच्या सहा महिन्यांत त्याने स्वतः काय बघायचं याचं एक पान द्या, आणि महिन्याभराने एकदा सहज फोन करा.

पायरी ७: कळवत राहणं

सर्व्हिसच्या दर्जावर परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी १९८० च्या दशकात केलेलं काम प्रसिद्ध आहे, त्यांनी दर्जाचे पाच भाग सांगितले आणि त्यात ग्राहकांच्या लेखी सगळ्यात वजनदार ठरला तो भरवसा, म्हणजे सांगितलं ते सांगितल्या वेळी होणं. गोड बोलणं, छान पॅकिंग, वाढदिवसाच्या शुभेच्छा हे सगळं त्याच्या नंतर. मंगळवारी देतो म्हटलं आणि गुरुवारी दिलं, तर सोबत चॉकलेटं पाठवून काही होत नाही. म्हणून तारीख सांगताना स्वतःला वाटते त्यापेक्षा थोडी पुढचीच सांगा.

आठवड्याचा एक ठरलेला दिवस धरा आणि चालू असलेल्या प्रत्येक कामाला तीन ओळी पाठवा: या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय, तुमच्याकडून काय हवंय. काहीच झालं नसेल तरी पाठवा, "अजून समोरून उत्तर आलेलं नाही, मी बुधवारी परत विचारतोय" एवढं पुरतं. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये थांबण्याच्या मानसिकतेबद्दल लिहिलं होतं की किती थांबायचं आणि का थांबायचं हे माहीत नसेल तर तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. क्लायंटने "काय झालं हो त्याचं?" असं विचारावं लागणं, मी तर ही माझ्या कामातली त्रुटीच धरतो.

आणि चोवीस तास उपलब्ध राहू नका. लगेच उत्तर द्यायची सवय तुम्हीच लावता. "कामाच्या दिवशी चार तासांच्या आत, तातडीचं असेल तर फोन" असं ठरवा, तातडीचं म्हणजे काय तेही ठरवा, आणि मग ते शंभर टक्के पाळा.

पायरी ८: चूक झाली तर

होणारच. क्लायंटला कळायच्या आधी तुम्ही फोन करा, मेसेज नाही. काय झालं ते एका वाक्यात, त्याचा त्याच्यावर काय परिणाम होईल, तुम्ही काय करताय आणि कधीपर्यंत, आणि खर्च तुमचा. स्पष्टीकरण त्याने मागितलं तरच. नंतर दोन दिवसांनी परत फोन. हाताखाली माणूस असेल तर त्यालाही न विचारता दुरुस्त करायची मुभा द्या, रिट्झ-कार्लटन हॉटेलांमध्ये कर्मचाऱ्याला एका पाहुण्यासाठी २,००० डॉलरपर्यंत खर्च वरिष्ठांना न विचारता करता येतो हे प्रसिद्धच आहे. तुमची रक्कम छोटी ठेवा, पण ठेवा.

पायरी ९: टिकवणं, आणि नवीन माणसं

वर्षाला चारातला एक क्लायंट सोडत असेल तर सरासरी क्लायंट चार वर्षं राहतो, दोनातला एक सोडत असेल तर दोनच वर्षं. बारा जागांना पहिल्या बाबतीत वर्षाला तीन नवीन माणसं लागतात, दुसऱ्यात सहा. प्रत्येक नव्या माणसामागे घडी बसवायचे १२ तास, शिवाय त्याला मिळवण्याआधीच्या बैठका आणि न जमलेल्या दोन-तीन जणांशी झालेलं बोलणं. जुना क्लायंट टिकवला की हे सगळे तास वाचतात, आणि या धंद्यात नफा असतो तो बहुतांश इथेच. म्हणून मार्केटिंगवर खर्च करायच्या आधी दर तीन महिन्यांनी प्रत्येक क्लायंटबरोबर अर्धा तास बसा, चालू कामाबद्दल नाही, तर एकूण कसं चाललंय यावर.

फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये एक प्रश्न लोकप्रिय केला, आमच्याबद्दल ओळखीच्यांना सांगण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती. ९-१० वाले चाहते, ६ पर्यंतचे नाराज. बारा क्लायंटवर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, पण प्रश्न उपयोगाचा आहे, कारण पुढे विचारता येतं: "आठ म्हणालात, दहा व्हायला काय कमी पडलं?" तिथे खरं उत्तर मिळतं.

ओळखीतून माणसं यायला पाहिजेत तर मागावं लागतं, आणि वेळ बघून. क्लायंटने स्वतःहून आनंद बोलून दाखवला तो क्षण योग्य. "कोणी असेल तर सांगा" म्हटलं की कोणी आठवत नाही. "तुमच्यासारखंच नुकतंच स्वतःचं ऑफिस सुरू केलेलं कोणी ओळखीचं आहे का?" म्हटलं की चेहरा आठवतो. आणि त्याने पुढे पाठवायला चार ओळी तुम्हीच लिहून द्या, त्याचं काम सोपं करा.

कोणाला घ्यायचं नाही हेही ठरवा. आधीच्या तीन जणांना शिव्या देणारा, पहिल्या भेटीत दोनदा वेळ बदलणारा, करार न वाचता "विश्वासावर चालू द्या" म्हणणारा, यांना नम्रपणे दुसरं नाव सुचवा. आणि कोणताही एक क्लायंट एकूण कमाईच्या चौथाईपेक्षा मोठा होऊ देऊ नका, नाहीतर तो क्लायंट न राहता तुमचा मालक होतो.

पायरी १०: दर महिन्याला बघायचे आकडे, आणि मदतीला माणूस

महिन्यातून एक तास बसा. प्रत्येक क्लायंटला खरे किती तास गेले (यासाठी तासाने बिल लावत नसलात तरी वेळ टिपून ठेवावाच लागतो), त्यातून तासाला प्रत्यक्ष किती पडले, किती पैसे यायचेत आणि कधीपासून, किती जागा रिकाम्या, नवीन चौकशा कुठून आल्या, आणि हातातल्या पैशावर किती महिने निघतील. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर वाईट क्लायंटला नाही म्हणायची हिंमत येते, नसेल तर येत नाही. ज्याच्या कामात तासाला सगळ्यात कमी पडतात त्याच्याशी आधी बोला: काम कमी करा, फी वाढवा, किंवा नोटीस देऊन, कागद नीट सोपवून, चांगल्या शब्दांत निरोप घ्या.

माणूस घ्यायचा तो आधी पायरी ६ मधल्या रेषेखालच्या, म्हणजे क्लायंटला न दिसणाऱ्या कामाला. आठवड्याला पाच-सहा तासांपासून सुरुवात, चेकलिस्ट तयार असेल तर शिकवायला वेळ लागत नाही. क्लायंटशी बोलणारा दुसरा माणूस घ्यायचाच असेल तर त्याला पहिल्या भेटीपासून सोबत बसवा, नंतर मध्येच "आता हे बघतील" म्हणून कोणी समोर आणलं की क्लायंटला आपल्याला कोणाच्या तरी गळ्यात बांधल्यासारखं वाटतं. आणि दुसरा माणूस आला की पायरी २ चं गणित त्याच्या तासांसकट परत मांडायचं, त्याला सांभाळण्यात तुमचे गेलेले तास वजा करून.

सगळ्या जागा भरल्या की वेटिंग लिस्ट. "सध्या फुल आहे" एवढंच सांगून सोडू नका. नाव, अडचण आणि कधीपर्यंत थांबू शकतात ते लिहून घ्या, अंदाजे कोणत्या महिन्यात जागा होईल ते सांगा, थांबता येण्यासारखं नसेल तर भरवशाच्या दोन जणांची नावं द्या, आणि महिन्यातून एकदा लिस्टमधल्या प्रत्येकाला जागेची परिस्थिती कळवा. लिस्टवर तीन-चार माणसं कायम राहायला लागली, म्हणजे पुढच्या नव्या क्लायंटला सांगायची किंमत वाढवायची वेळ आली.